संसारांतील यंत्रविचार : बंद गाडी ओढून नेतांना

यंत्र चालत असतां त्याचें कौतुक सर्वच करतात. तें बंद पडलें म्हणजे मात्र यंत्राची नव्हे, तर त्याच्या धन्याची परीक्षा सुरू होते. गेल्या महिन्यांत या सदरांत आपण विहिरीवरील विजेच्या पंपाचा विचार केला. तो लेख आमच्या ओटीवर मोठ्यानें वाचून झाल्यावर आमचे वडील बंधु म्हणाले, "पंपाचें ठीक झालें. पण आपल्या घरीं ज्या चुकीमुळें एका मुलाच्या कपाळावर खूण राहिली, तिजविषयीं केव्हां लिहिणार ?" प्रश्न सरळ होता आणि उत्तर टाळण्यासारखें नव्हतें. म्हणून या महिन्यांत तोच विषय घेतला आहे.

आमचें गांव सावदा. दक्षिणेस तापी, उत्तरेस सातपुडा, आणि मध्यें काळ्या कसदार जमिनीचा पट्टा. रावेर तालुक्यांतील या गांवाचें नांव केळ्यांच्या व्यापारामुळें दूरवर झालें. भुसावळ-खंडवा लोहमार्गावरील सावदा स्थानकांतून केळ्यांच्या वाघिणी दिल्लीकडे जात आल्या आहेत, आणि २०१६ सालीं जळगांवच्या केळ्यास भौगोलिक मानांकनही मिळालें. जी काळी जमीन केळीच्या बागेस आईसारखी पोसते, तीच पावसाळ्यांत गाडीचें चाक असें धरून ठेवते कीं बैलाचेंही कांहीं चालत नाहीं. ज्यांचीं शेतें आंतल्या वाटेस आहेत अशा कांहीं घरांनीं म्हणूनच चारही चाकांस जोर पोहोंचविणारी पिकअप गाडी घेतली आहे. आमच्या घरींही तशी एक आहे.

गोष्ट दोन वर्षांपूर्वींच्या श्रावणांतील. सातपुड्याच्या पायथ्याशीं असलेल्या आमच्या शेतावर मी, थोरला पुतण्या आणि पंधरा वर्षांचा धाकटा पुतण्या असे तिघे सकाळीं गेलों होतों. चिखलांतून जावयाचें म्हणून थोरल्यानें गाडीचा लहान दांडा चार चाकांच्या जागीं टाकला होता. परत येतांना नाल्याचें पाणी अंदाजाहून खोल निघालें, तें इंजिनाच्या हवेच्या वाटेनें आंत शिरलें आणि गाडी जागच्या जागीं बंद पडली. एवढी गोष्ट थोरल्यानें शहाणपणाची केली कीं, त्यानें किल्ली फिरवून पुन्हां इंजिन चालू करण्याचा हट्ट धरिला नाहीं. पाणी शिरलेल्या इंजिनास फिरविलें तर आंतील दांडे वांकतात, हें त्यास ठाऊक होतें.

शेजारच्या शेतांतील ट्रॅक्टरवाल्यानें हांक ऐकली व तो धांवून आला. "काका, टोचन लावूं, अर्ध्या घटकेंत सावद्यास पोहोंचवतों," असें त्यानें मोठ्या आपुलकीनें सांगितलें. विहिरीवरचा नायलॉनचा दोर होताच. तो दोन्ही गाड्यांस बांधला. आतां मागल्या गाडींत कोणी बसावें ? थोरल्याच्या पायास चिखलांत मुरगळ आली होती, आणि मला त्या गाडीची संवय नाहीं. तेव्हां धाकटा पुढें होऊन म्हणाला, "काका, मी बसतों." त्याजवर उत्तर मिळालें, "बैस. नुसतें स्टिअरिंग तर धरावयाचें आहे !" हें वाक्य दुसऱ्या कोणाचें नव्हे, प्रस्तुत लेखकाचेंच.

मी व थोरला ट्रॅक्टरवर बसलों. कच्चा रस्ता संपून डांबरी रस्ता लागला. आभाळ भरून आलेलें, म्हणून ट्रॅक्टरवाल्यानें वेग वाढविला. आम्हींही त्यास आवरलें नाहीं. चौदा-पंधरा किलोमीटर आल्यावर एका लहान पुलाकडे उतरणारा उतार आहे. तेथें समोरून गुरांचा कळप आडवा आला. ट्रॅक्टर थांबला. मागें वळून पाहतों तों गाडी थांबत नाहीं ! मुलगा दोन्ही पायांनीं ब्रेक दाबीत होता आणि त्याचें तोंड पांढरें पडलें होतें. ट्रॅक्टरवर आदळण्याच्या आंत त्यानें सर्व जोर लावून स्टिअरिंग डावीकडे ओढलें. दोर ताणला, तुटला, आणि गाडी रस्ता सोडून केळीच्या बागेंत शिरली. केळीच्या ओल्या खोडांनीं तिला झेललें. मुलाच्या कपाळास चार टांके पडले. खोडांच्या जागीं निंबाचें झाड असतें तर काय झालें असतें, तें येथें लिहिण्याची गरज नाहीं.

घरीं आल्यावर वहिनींनीं मला एक शब्दही विचारला नाहीं. विचारला असता तर बरें झालें असतें. त्या रात्रभर मुलाच्या उशाशीं बसून होत्या, आणि मी ओटीवर.

आठ दिवसांनीं मिस्त्रीनें गिअर बॉक्स उघडला तेव्हां दुसरा पाठ मिळाला. आंतील एक बेअरिंग कोरडें फिरून निळें पडलें होतें. "तेल आधींच कमी होतें, आणि लहान दांडा अजून चार चाकांवरच आहे. ओढण्यापूर्वीं हा कोणीं पाहिला होता काय ?" असें त्यानें विचारलें. कोणींच पाहिला नव्हता. एक गाडीभर केळ्यांचे पैसे त्या दुरुस्तींत गेले. परंतु पैशाचें दुःख नव्हे. एका साध्या गोष्टीचें ज्ञान घरांतील शिकलेल्या तीन माणसांपैकीं एकासही नसावें, याचें दुःख. तें ज्ञान पुढें दिलें आहे.

चार चाकांचा जोर म्हणजे काय

साध्या पिकअप गाडींत इंजिनाचा जोर गिअर बॉक्समधून निघून एका लांब फिरत्या दांड्यानें मागच्या चाकांस जातो. या दांड्यास मिस्त्री लोक प्रोपेलर म्हणतात. चार चाकांच्या गाडींत गिअर बॉक्सच्या मागें आणखी एक पेटी असते, तिचें नांव ट्रान्सफर केस. तिच्यांतून एक प्रोपेलर मागें व दुसरा पुढें जातो. तिचा स्वतंत्र लहान दांडा असतो : दोन चाकें, चार चाकें, आणि चार चाकें मंद गतीनें. कांहीं गाड्यांत यांच्या मध्यें न्यूट्रल, म्हणजे दोन्ही प्रोपेलर गिअर बॉक्सपासून सुटे, अशीही जागा असते.

ही रचना कांहीं कालची नव्हे. हॉलंडमधील स्पायकर बंधूंनीं १९०३ सालीं पेट्रोलवर चालणारी चार चाकांच्या जोराची मोटार केली होती. पुढें दुसऱ्या महायुद्धांत विलिस जीप जगभर फिरली, आणि १९४७ च्या सुमारास तिचे सुटे भाग आणून महिंद्र कंपनीनें आपल्या मुंबईंत ती जुळविण्यास प्रारंभ केला. आज खानदेशांतील शेतांच्या वाटांवर दिसणाऱ्या अनेक गाड्या त्या घराण्याच्याच आहेत.

आतां मुख्य मुद्दा. चार चाकांचा दांडा टाकला असतां पुढचा व मागचा प्रोपेलर एकमेकांस जखडले जातात. वळणावर पुढचीं चाकें मोठ्या वर्तुळांतून जातात आणि मागचीं लहान, म्हणजे दोघांची चाल सारखी नसते. चिखलांत चाक थोडें घसरून हा फरक भरून काढतें. डांबरावर तें घसरत नाहीं, आणि सर्व ताण प्रोपेलर, सांधे व ट्रान्सफर केस यांच्यावर पडतो. जात्याच्या दोन्ही तळ्या एकत्र बांधून दळावयास बसावें, तसा हा प्रकार होतो.

दुसरी गोष्ट तेलाची. इंजिन बंद असलें तरी ओढलेल्या गाडीचीं चाकें फिरतात. चाकांमुळें प्रोपेलर फिरतो आणि प्रोपेलरमुळें गिअर बॉक्सचा मागचा भाग. परंतु गिअर बॉक्समधील ज्या चक्रांनीं तेल उडवून सर्वत्र पोहोंचवावयाचें, तीं पुढील चक्रें इंजिन बंद असल्यामुळें स्थिर राहतात. स्वयंचलित गिअरच्या गाडींत तर तेलाचा पंप इंजिनावरच चालतो. परिणाम असा कीं, आंतील कांहीं भाग तेलावांचून फिरतात. एक-दोन किलोमीटर मंद गतीनें गेल्यास बहुधा निभावतें. वेग व अंतर वाढलें, आणि आमच्यासारखें तेलही कमी असलें, म्हणजे बेअरिंग जळतें.

कोणती गाडी कशी न्यावी

सर्वांत निर्धोक मार्ग एकच : बंद गाडी सबंध उचलून सपाट फळीच्या मालगाडीवर ठेवणें. चारही चाकें जमिनीवरून सुटलीं म्हणजे गिअर, तेल, प्रोपेलर यांपैकीं कशाचीच चिंता राहत नाहीं. स्वयंचलित गिअरची गाडी, चारही चाकांस नेहमींच जोर असणारी गाडी, आणि जिचा लहान दांडा नसून केवळ विजेचें बटण आहे व बॅटरी मेलेली आहे अशी गाडी, या तिघींस दुसरा मार्ग शोधूंच नये.

ज्या गाडीचा गिअर हातानें टाकावयाचा आहे व जिच्या ट्रान्सफर केसला दांडा आहे, ती थोडें अंतर चारही चाकांवर ओढून नेतां येते. त्यासाठीं मुख्य गिअर न्यूट्रलमध्यें आणावा. लहान दांडा दोन चाकांच्या जागीं, किंवा माहितीपुस्तकांत सांगितलें असेल तर न्यूट्रलमध्यें ठेवावा. पुढच्या चाकांच्या मध्यभागीं फिरविण्याचें कुलूप असेल तर तें सुटें करावें. प्रत्येक गाडीची सूचना वेगळी असते, यास्तव गाडीबरोबर आलेलें पुस्तक हाच अंतिम शब्द समजावा. पुस्तक आपल्या कपाटांत आणि गाडी जंगलांत, अशी स्थिति बहुतेक घरीं असते, ती बदलावी.

लांब न्यावयाचीच झाली तर मिस्त्रीकडून मागचा प्रोपेलर सोडवून घेतात. मग चाकें फिरलीं तरी गिअर बॉक्स स्वस्थ राहतो. सोडण्यापूर्वीं जोडाच्या दोन्ही तबकड्यांवर खुणेची रेघ मारावी, म्हणजे तो परत त्याच स्थितींत बसवितां येतो व गाडी थरथरत नाहीं. कांहीं गाड्यांत प्रोपेलर काढतांच त्या तोंडांतून तेल गळूं लागतें. तेथें आधीं बूच बसवावें लागतें.

येथें एक धोका नीट ध्यानांत ठेवावा. "गाडी गिअरमध्यें आहे, जाते कोठें ?" असें आपण सहज म्हणतों. पण ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्यें असेल किंवा प्रोपेलर काढलेला असेल, तर गिअर घालूनही गाडी मोकळीच असते. जुन्या जीपगाड्यांत तर हातब्रेकही चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागें प्रोपेलरवर असे; प्रोपेलर गेला कीं हातब्रेक गेला. म्हणून गाडीखालीं कोणी शिरण्यापूर्वीं चाकांच्या पुढें व मागें मोठ्या दगडांची अटकण घालावी. या कामास आळस करूं नये. गाडीखालील मनुष्यास पळतां येत नाहीं.

क्रेनवाले पुष्कळदां पुढचीं चाकें उचलतात व मागचीं रस्त्यावर फिरत ठेवतात. साध्या पुढल्या चाकांच्या मोटारीस तें चालतें. चार चाकांच्या पिकअपच्या मात्र मागच्याच चाकांस प्रोपेलर जोडलेला असतो, आणि दांडा चार चाकांवर राहिला असेल तर टांगलेलीं चाकें व फिरतीं चाकें यांत ओढाताण होते. क्रेनवाल्यास हें आपण होऊन सांगावें. मागच्या चाकांखालीं लहान चाकांची गाडी घालण्याची सोय त्याजपाशीं असेल तर उत्तम; नसेल तर सपाट मालगाडी बोलवावी.

दोर, दांडा आणि ओढ

दोन हजार किलो वजनाची गाडी सपाट डांबरी रस्त्यावर सावकाश ओढावयास सुमारें तीस किलोंचा जोर पुरतो. म्हणूनच दोन माणसें ती ढकलूं शकतात, आणि म्हणूनच कोणताही दोर चालेल असा भ्रम होतो. पण तीच गाडी दहा फुटांस एक फूट अशा उतारावर आली कीं तिला खालीं लोटणारा जोर सुमारें दोनशे किलोंचा होतो, आणि चिखलांत रुतली तर त्याहून कितीतरी अधिक ओढ लागते. शिवाय ढिला दोर एकदम ताणला गेला म्हणजे बसणारा हिसका याच्या अनेक पट असतो. दोर तुटतात ते ओढीनें क्वचित्, हिसक्यानें बहुधा.

विहिरीचा जुना दोर कधींही वापरूं नये. वजनाची मर्यादा छापलेला रुंद पट्टा विकत मिळतो, तो घ्यावा. साखळींत लवचिकपणा नाहीं, म्हणून हिसका सर्वस्वीं हुकास बसतो. पट्टा कोठेंही गांठ मारून लावूं नये, गांठीनें त्याची शक्ति कमी होते. लोखंडी डी-शॅकलनें लावावा. बंपरास, आंसास किंवा माल बांधण्याच्या कडीस बांधूं नये. सांगाड्यास पक्का बसविलेला ओढण्याचाच हूक शोधावा.

तुटणारा दोर फार घातक असतो. ताणलेल्या नायलॉनमध्यें धनुष्याच्या दोरीप्रमाणें शक्ति सांठते आणि तुटतांच टोंकाचा हूक गोळीसारखा परत येतो. म्हणून दोराच्या मध्यावर ओलें पोतें किंवा जाड घोंगडी टाकावी, म्हणजे तुटलेलें टोंक खालीं पडतें. दोर ताणलेला असतां त्याच्या लांबीहून अधिक अंतरावर सर्वांनीं उभें राहावें, आणि दोर कोणींही ओलांडूं नये. गाडी रुतली कीं गांवांतील मुलें पाहावयास जमतात. त्यांना दूर करणें हें पहिलें काम.

दोराहून लोखंडी ओढदांडा बरा. दोर केवळ ओढतो. दांडा ओढतो आणि थोपवितोही, म्हणून मागली गाडी पुढलीवर चढत नाहीं. पालच्या वाटेसारख्या घाटांत किंवा लांब उतारावर दोरानें गाडी आणण्याचा विचारच करूं नये. ओढणारें वाहन मागल्याहून जड असावें हें तर उघडच आहे.

बंद गाडी हलविण्याची ही अडचण जगभर होती, आणि तीतूनच एक धंदा निघाला. अमेरिकेंत टेनेसी प्रांतांतील चॅटनूगा गांवीं अर्नेस्ट होम्स नांवाचा मोटारदुरुस्ती करणारा गृहस्थ होता. एका स्नेह्याची ओढ्यांत उलटलेली मोटार दोर, ठोकळे आणि सहा माणसें लावून बाहेर काढतांना त्याचे सारे श्रम पणाला लागले. पुन्हां हा त्रास नको म्हणून त्यानें १९१६ सालीं जुन्या मोटारीवर खांब, कप्पी व साखळी बसवून पहिली ओढगाडी तयार केली. आपल्या रस्त्यांवरील क्रेनगाडी ही तिचीच वंशज होय. तात्पर्य, या कामास साधन लागतें, केवळ उत्साह पुरत नाहीं, हें शंभर वर्षांपूर्वीं ठरून गेलें आहे.

मागल्या गाडींतील मनुष्य

आतां आमच्या सर्वांत मोठ्या चुकीकडे येतों. "नुसतें स्टिअरिंग धरावयाचें" ही समजूत पूर्णपणें खोटी आहे. ओढलेली गाडी चालविणें हें चालत्या गाडीहून अवघड काम आहे.

इंजिन बंद असलें म्हणजे ब्रेकला मिळणारें साहाय्य बंद होतें. सांठलेल्या पोकळीवर एक-दोन वेळां ब्रेक बरा लागतो. नंतर पायटा दगडासारखा कठीण होतो. ब्रेक नसतो असें नव्हे, पण तो दाबावयास कितीतरी पट जोर लागतो. पंधरा वर्षांच्या मुलानें तो कोठून आणावा ? स्टिअरिंगही तसेंच जड होतें. शिवाय किल्ली काढून घेतली तर स्टिअरिंगला कुलूप बसतें आणि गाडी वळतच नाहीं. म्हणून किल्ली आंत व उघडलेल्या स्थितींत ठेवावी. बटणानें चालणाऱ्या गाडीची बॅटरी मेली असेल तर हें कुलूप उघडतही नाहीं. तेथें ओढण्याचा विचार सोडावा.

वेगाचा हिशेब पाहा. ताशीं २४ किलोमीटर वेगानें गाडी पाऊण सेकंदांत पांच मीटर पुढें जाते. दोघींमध्यें पांच मीटरांचें अंतर असेल आणि पुढली जागच्या जागीं थांबली, तर मागच्यास पाऊण सेकंद मिळतें. मनुष्यानें पाहून पाय हलविण्यासच तितका वेळ जातो. वेग दुप्पट केला तर वेळ अर्धा उरतो आणि आदळण्याची शक्ति चौपट होते. म्हणून मागल्या मनुष्यानें दोराकडे न पाहतां पुढल्या गाडीच्याही पुढचा रस्ता पाहावा, आणि ब्रेकचें काम मुख्यतः आपलें समजावें. तो हलका ब्रेक धरून दोर ताणलेला ठेवतो. पुढला केवळ ओढतो, एकाएकीं थांबत नाहीं. निघण्यापूर्वीं खुणा ठरवाव्या : एक भोंगा म्हणजे सावकाश, दोन म्हणजे थांब. पुढल्या गाडीवर एका मनुष्यानें सतत मागें पाहत बसावें. मी बसलों होतों, पण खूण ठरलेली नव्हती; पाहून काय उपयोग झाला ?

कायदा काय म्हणतो

कायदा हा पोलिसांसाठीं आहे असें आपण समजतों. वस्तुतः त्यांत इतरांचे अपघात सांठविलेले असतात. १९८९ सालच्या आपल्या देशाच्या रस्त्याच्या नियमांत ओढण्याविषयीं स्पष्ट सांगितलें होतें. ओढावयाची ती नादुरुस्त गाडी असावी. तिच्या चालकाच्या जागीं त्या गाडीचा परवाना असलेला मनुष्य असावा, अथवा तिचीं वळणारीं चाकें क्रेननें जमिनीवरून पक्कीं उचललेलीं असावीं. दोन गाड्यांतील अंतर पांच मीटरांहून अधिक नसावें, दोर दुरून दिसेल असा करावा, मागल्या गाडीच्या पाठीवर पांढऱ्यावर काळ्या ७५ मिलिमीटर उंच अक्षरांत 'ऑन टो' असें लिहावें, आणि वेग ताशीं २४ किलोमीटरांहून अधिक नसावा. २०१७ सालीं या नियमांची जागा नव्या वाहनचालन विनियमांनीं घेतली. तथापि गृहस्थानें मनांत धरावयाचा उपदेश तोच आहे. पुढें २०१९ च्या दुरुस्तीनें, अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडल्यास पालक किंवा गाडीचा धनी यांस तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड अशी तरतूद झाली.

हे नियम मीं प्रथम वाचले ते अपघातानंतर. परवान्याचें कलम वाचून पुस्तक खालीं ठेविलें. आमच्या मुलास जें झालें तें टाळण्यासाठीं कोणी तरी तें आधींच लिहून ठेविलें होतें. वाचण्याचें काम तेवढें आमचें होतें.

घरांत करून ठेवण्याची तयारी

आमच्या घरीं आतां पुढील व्यवस्था केली आहे. वाचकांनींही ती करावी. गाडीच्या पेटींत माहितीपुस्तक, वजन छापलेला पट्टा, दोन डी-शॅकल, एक जुनी घोंगडी, लाल परावर्तक त्रिकोण, विजेरी आणि 'ऑन टो' लिहिलेला पुठ्ठा असतो. विम्याच्या कागदावर रस्त्यावरील मदतीची सोय आहे कीं नाहीं हें पाहून तिचा दूरध्वनि क्रमांक पेटीच्या झाकणाच्या आंतून चिकटविला आहे. पुष्कळांच्या विम्यांत ही सोय असते व पैसेही भरलेले असतात. ठाऊक मात्र नसतें. दर पावसाळ्यापूर्वीं गिअर बॉक्स व ट्रान्सफर केसचें तेल पाहिलें जातें.

झाकणावर वहिनींनीं आपल्या अक्षरांत एक लहानशी यादीही लावली आहे : "लहान दांडा पाहिला काय ? गिअर न्यूट्रल आहे काय ? किल्ली उघडी आहे काय ? चाकांस अटकण आहे काय ? खूण ठरली काय ? बसणाऱ्याजवळ परवाना आहे काय ?" शेवटचा प्रश्न त्यांनीं दोनदां अधोरेखित केला आहे. त्याविषयीं त्यांनीं मला कांहीं म्हटलें नाहीं, आणि मींही विचारलें नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत गाडी पुन्हां एकदां अडली. या वेळीं बॅटरीनें दगा दिला. तोच ट्रॅक्टरवाला, तसाच आपुलकीनें, दोर घेऊन आला. धाकटा आतां सतरा वर्षांचा आहे. तोच पुढें होऊन म्हणाला, "दादा, तुमचे उपकार आहेत, पण आम्ही मालगाडी बोलावली आहे. तोंवर चहा घ्या." मालगाडी येण्यास अडीच तास लागले. तितका वेळ आम्ही बांधावर बसून होतों, आणि पाऊसही आला. घरीं पोहोंचावयास रात्र झाली, जेवणें थंड झालीं. परंतु पानावर बसतांना पंक्तींतील सर्व माणसें धड होतीं. वाचकहो, उशीर झाला म्हणून कोणत्याही घरांतील दिवा विझत नाहीं. घाईनें मात्र तो विझूं शकतो, हें आमच्या घरानें फार थोडक्यांत शिकून घेतलें, आणि तें आपणांस याहूनही स्वस्तांत मिळावें म्हणून हा लेखप्रपंच.

पुढील अंकीं : स्वयंपाकघरांतील गॅसची नळी केव्हां बदलावी.